पाठीवरचा क्रमांक : पिएर जानरे आणि चंडीगढच्या खुर्च्या

शाळा असो, महाविद्यालय असो वा सरकारी कचेरी, तेथे जडवस्तू संग्रहाची एक नोंदवही असतेच. नवी खुर्ची आली की तिला क्रमांक मिळतो, तो तिच्या पाठीवर अथवा पायावर रंगवला जातो आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे खरेदीचा दिनांक व किंमत लिहिली जाते. पुढे कधीतरी तिचा पाय निखळतो, वेत तुटतो. ती व्हरांड्यातून अडगळीच्या खोलीत आणि तेथून गच्चीवर जाते. शेवटी एक समिती येते, खुर्ची निर्लेखित ठरवते आणि ढिगाबरोबर तिचाही लिलाव होतो. नोंदवहीत तिच्यावर तांबड्या शाईची एक रेघ ओढली जाते. ती कोणी योजली, कोणाच्या हातून घडली आणि त्या विशिष्ट आकाराचीच का झाली, हे विचारणारा रकाना त्या नोंदवहीत नसतो.

चंडीगढ शहरात अशा हजारो खुर्च्यांची हीच गत झाली. काही रुपयांना गेलेल्या त्या खुर्च्या पुढे पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कच्या लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा शहराला एका माणसाची नव्याने आठवण झाली. त्याचे नाव पिएर जानरे. आयुष्याची चौदा वर्षे त्याने या शहराला दिली होती, आणि मृत्यूनंतर आपली रक्षाही येथेच विसर्जित व्हावी अशी त्याची इच्छा होती.

पिएर जानरे यांचा जन्म २२ मार्च १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. जिनिव्हाच्या कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते पॅरिसला गेले आणि काँक्रीटच्या बांधकामात अग्रणी समजल्या जाणाऱ्या पेरे बंधूंच्या कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली. त्यांचा एक दूरचा चुलतभाऊ तेव्हा पॅरिसमध्येच नाव मिळवू पाहत होता. वयाने तो जानरे यांच्याहून साडेआठ वर्षांनी मोठा होता. त्याचे मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे, परंतु जग त्याला ल कॉर्बुझिए या घेतलेल्या नावानेच ओळखते. १९२२ मध्ये या दोघा भावांनी एकत्र काम सुरू केले. पॅरिसच्या रू द सेव्ह्र या रस्त्यावरील त्यांची कचेरी पुढे जगभरच्या तरुण स्थापत्यकारांचे तीर्थक्षेत्र ठरली.

दोघांचे स्वभाव अगदी भिन्न होते. ल कॉर्बुझिए लिहीत, व्याख्याने देत, वाद घालत आणि प्रतिपक्षाला अंगावर घेत. जानरे मितभाषी होते. ते आराखड्यावर वाकून बसत, मापे तपासत आणि कल्पना प्रत्यक्षात उभी राहील की नाही याचा विचार करीत. खांबांवर उचललेली इमारत, गच्चीवरची बाग, मुक्त अंतर्गत आराखडा, लांबलचक खिडकी आणि मुक्त दर्शनी भाग ही नव्या वास्तुकलेची पाच सूत्रे दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पॅरिसजवळ प्वासी येथे १९३१ मध्ये पूर्ण झालेले व्हिला साव्हॉय हे घरही दोघांचेच. शार्लोत पेरियाँ ही तरुण कलावती १९२७ मध्ये कचेरीत दाखल झाली आणि तिघांनी मिळून पोलादी नळ्यांच्या खुर्च्या घडवल्या. १९२९ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात त्या लोकांपुढे आल्या. आज वास्तुकलेचा विद्यार्थी ही सारी निर्मिती सहसा एकाच नावाने ओळखतो. जानरे यांचे नाव पुष्कळदा तळटीपेत सापडते. त्याविषयी त्यांनी जाहीर तक्रार केल्याचे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ही भागीदारी मोडली. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि कचेरी बंद पडली. ल कॉर्बुझिए व्हिशी येथील जर्मनधार्जिण्या सरकारकडून काम मिळवण्याच्या खटपटीस लागले. जानरे यांनी दुसरा मार्ग धरला. ते ग्रेनोब्ल या डोंगराळ भागातील शहरी गेले आणि फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीत सामील झाले. ज्या भावाबरोबर अठरा वर्षे एका मेजावर काम केले, त्याच्यापासून तत्त्वासाठी दूर होणे सोपे नसते. पुढची दहा वर्षे दोघांचे रस्ते वेगळेच राहिले.

युद्धाच्या त्या वर्षांनी जानरे यांना आणखी एक गोष्ट शिकवली. झाँ प्रूव्हे या कुशल धातुकारागिराबरोबर त्यांनी सुट्या भागांनी उभारता येणाऱ्या इमारतींवर काम केले. भाग कारखान्यात तयार व्हायचे, वाहनातून नेले जायचे आणि मोजकी माणसे थोड्या वेळात ते जोडून निवारा उभा करू शकायची. गरज सरली की तो पुन्हा सुटा करून दुसरीकडे नेता येई. युद्धकाळात पोलाद दुर्मीळ होते, म्हणून लाकडाचा उपयोग वाढला. थोड्या साहित्यात, साध्या हत्यारांनी आणि सहज जोडता येतील अशा सांध्यांनी वस्तू कशी घडवावी याचा हा कठोर पाठ होता. युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, त्यांनी अमेरिकेतील एका कंपनीसाठी कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांना छेदणाऱ्या लाकडी पायांची खुर्ची योजली. चंडीगढच्या खुर्चीचे बीज त्या पायांत शोधता येते.

इकडे भारत स्वतंत्र झाला होता आणि पंजाबचे दोन तुकडे झाले होते. लाहोर पाकिस्तानात गेल्याने भारतातील पंजाबला राजधानीच उरली नाही. लाखो निर्वासितांचे लोंढे आलेले, तिजोरी रिकामी, आणि तरीही शिवालिकच्या पायथ्याशी एक नवे शहर वसवण्याचा निर्णय झाला. चंडीदेवीच्या मंदिरावरून त्याला चंडीगढ हे नाव मिळाले. पहिला आराखडा अमेरिकेतील आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोव्हिकी यांनी केला. परंतु ऑगस्ट १९५० मध्ये विमान अपघातात नोव्हिकी यांचे निधन झाले आणि मेयर यांनीही अंग काढून घेतले. तेव्हा पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता नव्या स्थापत्यकारांच्या शोधात युरोपला गेले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे दांपत्य तयार झाले, तर पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए. मात्र ल कॉर्बुझिए वर्षातून दोनदाच, प्रत्येक वेळी सुमारे महिनाभरासाठी, येणार होते. प्रत्यक्ष जागेवर राहून काम पाहणारा विश्वासाचा माणूस त्यांना हवा होता. त्यांनी जानरे यांचे नाव सुचवले. युद्धकाळातील दुरावा बाजूस सारून जानरे तयार झाले.

फेब्रुवारी १९५१ मध्ये सिमल्याच्या रस्त्यावरील एका विश्रामगृहात ही मंडळी जमली आणि थोड्याच दिवसांत शहराचा आराखडा सिद्ध झाला. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असे सेक्टर, प्रत्येकात बाजार, शाळा आणि हिरवळीचा पट्टा. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि अखेरीस पाच लाख लोकवस्ती असे गणित होते. आराखडा कागदावर उतरला, पण तो उभा करायचा होता कुदळ, टोपली आणि विटांच्या बळावर. फ्राय आणि ड्र्यू तीन वर्षांचा करार पूर्ण करून १९५४ मध्ये परतले. जानरे मात्र राहिले. पुढे पंजाब सरकारचे मुख्य स्थापत्यकार म्हणून साऱ्या कामाची धुरा त्यांच्याकडे आली.

आले तेव्हा ते पंचावन्नाच्या घरात होते. या वयात माणूस स्थिरावू पाहतो. जानरे यांनी मात्र धुळीने भरलेल्या माळावर नवे आयुष्य सुरू केले. त्यांच्याभोवती तरुण भारतीय स्थापत्यकारांचा संच होता. एम. एन. शर्मा, उर्मिला युली चौधरी, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर, आदित्य प्रकाश आणि नगररचनाकार ए. आर. प्रभावळकर ही त्यांतील काही नावे. स्वतंत्र भारतात वास्तुकलेची जी पहिली पिढी घडली, तिच्यातील पुष्कळांचे हात जानरे यांच्या शेजारच्या मेजावर तयार झाले.

शहरातील विधानभवन, उच्च न्यायालय आणि सचिवालय या भव्य वास्तू ल कॉर्बुझिए यांच्या. परंतु लोक राहतात ते शहर मुख्यतः जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. सरकारी नोकरांसाठी मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत घरांचे तेरा प्रकार ठरले होते. क्रमांक जसजसा वाढे, तसतसे घर लहान होई. प्रत्येक प्रकारापुढे ते घर योजणाऱ्याच्या आडनावाचे आद्याक्षर लिहीत, म्हणून जानरे यांच्या घरांपुढे जे हे अक्षर येई. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि अंगण असावे असा आग्रह होता. खर्चाची मर्यादा इतकी कडक की वीट हेच मुख्य साधन उरले. जानरे यांनी त्या विटेतूनच उन्हाला अडवणाऱ्या आणि वाऱ्याला वाट देणाऱ्या जाळ्या साधल्या. नदीपात्रातील गोल दगडही त्यांनी भिंतींत वापरले. पंजाब विद्यापीठाचा परिसर त्यांनी माथुर यांच्यासह योजला. तेथील पाण्याच्या कुंडात कमळासारखे उमललेले गांधी भवन ही त्यांची सर्वांत देखणी वास्तू मानली जाते.

इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा एक साधाच प्रश्न समोर आला. या कचेऱ्यांत बसायचे कशावर? हजारो कारकून, न्यायाधीश, आमदार, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासाठी खुर्च्या, मेजे, कपाटे, बाके आणि पुस्तकांचे घोडे हवे होते, तेही त्वरेने आणि अल्प खर्चात. त्या काळच्या पंजाबात पोलादी नळ्यांचे फर्निचर बनवणारा मोठा कारखाना नव्हता. सुतार मात्र होते, विपुल आणि कुशल. वेत विणणारे हात होते. जानरे आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन गोष्टींवर भर दिला.

सागवान निवडले ते दमट हवेला आणि वाळवीला दाद देत नाही म्हणून. बैठक आणि पाठ वेताने विणली, कारण उन्हाळ्यात वेतातून हवा खेळते आणि तुटल्यास तो पुन्हा विणता येतो. पाय उलट्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, कंपासपेटीतील कंपास उघडून ठेवावा तसे. त्या तिरप्या पायावरच हाताचा आडवा दांडा टेकलेला, त्यामुळे लाकूड कमी लागूनही खुर्ची डळमळत नसे. सांधे साधे, लाकडाची पट्टी जाड, आणि आकार असा की रंधा, करवत आणि पटाशी एवढ्या हत्यारांवर गावचा सुतार तो घडवू शकेल. एकच नमुना अनेक कार्यशाळांत गेला. म्हणून एकाच जातीच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तरी त्यांच्या जाडीत, वळणात आणि विणीत थोडा फरक आढळतो. या फरकात घडवणाऱ्याचा हात दिसतो.

स्वतःच्या घरासाठी जानरे यांनी याहून साधे प्रयोग केले. बांबू, दोर आणि लोखंडी सळ्या यांपासून त्यांनी आसने बनवली. सेक्टर ५ मधील ५७ क्रमांकाच्या घरी त्यांचे वास्तव्य होते. हे घरही त्यांनीच योजलेल्या सरकारी प्रकारांपैकी एक. मुख्य स्थापत्यकार झाला म्हणून त्यांनी स्वतःसाठी खास बंगला उभारला नाही. १९५८ मध्ये सुखना नावाच्या ओढ्यावर बांध घालून तलाव झाला, तेव्हा त्यावर चालवायच्या पायडलच्या होड्याही त्यांनी योजल्या. राजधानी आणि होडी, न्यायासन आणि विद्यार्थ्याचे बाक, यांत त्यांनी लहानमोठे असा भेद केला नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये ल कॉर्बुझिए यांचे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात पोहताना निधन झाले. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे जानरे यांनाही चंडीगढ सोडावे लागले. ४ डिसेंबर १९६७ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. १९७० मध्ये त्यांची पुतणी जाकलीन जानरे त्यांची रक्षा घेऊन चंडीगढला आली आणि त्यांच्या इच्छेनुसार ती सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

जानरे यांची कथा येथे संपायला हवी होती. पण त्यांच्या खुर्च्यांची कथा येथून सुरू होते.

तीस-चाळीस वर्षांच्या वापराने सागवानी खुर्च्या झिजल्या. कचेऱ्यांना आता गादीच्या, चाकांच्या खुर्च्या हव्या होत्या. जुन्या वस्तूंचे ढीग गच्च्यांवर आणि गोदामांत साचले. पाऊस, ऊन आणि धूळ खात त्या तेथे पडल्या. नियमाप्रमाणे निर्लेखन झाले, नियमाप्रमाणे लिलाव झाले. घेणाऱ्यांत प्रामुख्याने भंगारवाले आणि जुन्या लाकडाचे व्यापारी असत. एकोणिसाव्या नव्हे, विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील काही विक्रेत्यांचे लक्ष या ढिगांकडे गेले. त्यांनी लिलावांतून ट्रकच्या ट्रक भरून माल घेतला, पॅरिसला नेऊन स्वच्छ केला, पुन्हा विणवला आणि छायाचित्रांसह देखण्या सूचिपत्रांत मांडला. शहराचा नकाशा ओतलेली गटारांची लोखंडी झाकणेसुद्धा परदेशी लिलावात दिसू लागली. हा व्यवहार चोरीचा नव्हता. विकणाऱ्याला वस्तूचे मूळ ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होते, एवढाच काय तो फरक. सारा नफा त्या एका फरकातून झाला. पुढे मात्र किमती वाढल्या तशा चोऱ्याही होऊ लागल्या.

वस्तूच्या मुळाचा शोध हा संग्राहकाच्या छंदाचा प्राण असतो. पाश्चात्त्य देशांत महायुद्धातील निकामी केलेल्या मशीनगनचे सुटे भाग जमवणारे संग्राहक आहेत. सैन्याने मोडीत काढलेल्या तोफखान्यातून ते भाग संचांच्या रूपाने बाजारात येतात. एकेका भागावरील बारीक ठसे वाचून तो कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या वर्षी घडला, कोणत्या सैन्याच्या हाती गेला, याचा माग हे लोक काढतात. ब्रेन गन या नावातच चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो आणि इंग्लंडमधील एनफिल्ड या दोन गावांची आद्याक्षरे आहेत. हीच गन पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही बनू लागली. लोखंडाच्या एका तुकड्यावरचा ठसा असा तीन देशांचा इतिहास सांगू शकतो. चंडीगढच्या खुर्चीचेही तसेच आहे. तिच्या पाठीवर पांढऱ्या किंवा काळ्या रंगाने लिहिलेली खात्याची आद्याक्षरे आणि जडसंग्रहाचा क्रमांक हाच तिच्या अस्सलपणाचा पहिला पुरावा. कारकुनाने मोजणीसाठी घातलेला तो आकडा परदेशी सूचिपत्रांत मोठ्या अभिमानाने छापला जातो. एके काळी दुरुस्ती करणारे जो रंग खरवडून टाकत, तोच पुढे सर्वांत जपण्याचा भाग ठरला.

मागणी वाढली तशी लबाडीही शिरली. एका खुर्चीचे पाय, दुसरीची पाठ आणि तिसरीचे हात जोडून चौथी तयार होऊ लागली. जुने सागवान घेऊन नव्याने खुर्च्या बनू लागल्या आणि त्यांवर क्रमांकही रंगवले जाऊ लागले. मूळ नमुनाच गावोगावच्या सुतारांनी घडवावा म्हणून साधा ठेवलेला असल्याने अस्सल आणि नक्कल यांतील सीमारेषा ओळखणे कठीण झाले. ज्या गुणामुळे ती खुर्ची लोकांची झाली, त्याच गुणामुळे तिची नक्कलही सोपी झाली.

या साऱ्या व्यवहारात आणखी एक अन्याय घडला. सूचिपत्रांत एकच नाव झळकले, पिएर जानरे. चौधरी, मल्होत्रा, आदित्य प्रकाश प्रभृती सहकाऱ्यांचा वाटा अभ्यासकांनी पुढे मांडला, तरी बाजाराला एक नाव पुरेसे असते. रंधा चालवणाऱ्या सुतारांची आणि वेत विणणाऱ्यांची नावे तर कोणी लिहून ठेवली नव्हती. जो माणूस उभे आयुष्य दुसऱ्याच्या नावाआड राहिला, त्याच्या नावाआड आता शेकडो कारागीर झाकले गेले. जानरे यांच्या नम्र स्वभावाला हे रुचले नसते असेच त्यांचे चरित्र सुचवते.

जाग आली ती उशिरा. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तूंच्या विक्रीस आणि निर्यातीस मनाई करणारा आदेश काढला. चंडीगढ प्रशासनाने नेमलेल्या समितीने शहरभर फिरून मोजदाद केली, तेव्हा १२,७९३ वस्तू अद्याप शिल्लक असल्याचे आढळले. न्यायालयात, विद्यापीठात, ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत त्या होत्या, बऱ्याचशा रोजच्या वापरात. परदेशी गेलेल्या वस्तू परत मिळवणे मात्र दुरापास्त ठरले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण सामान्यतः शंभर वर्षे जुन्या वस्तूंना मिळते. चंडीगढच्या खुर्च्या त्या वयाला पोहोचलेल्या नाहीत. काही जागरूक नागरिक प्रत्येक परदेशी लिलावाची वार्ता सरकारच्या कानी घालत राहिले, पण लिलाव थांबले नाहीत.

२०१३ मध्ये एमी सीगल या अमेरिकन चित्रपटकर्तीने या खुर्च्यांचा प्रवास उलट्या दिशेने चित्रित केला. आरंभी परदेशातील श्रीमंतांच्या दिवाणखान्यात विसावलेली खुर्ची, मग लिलावगृह, मग डागडुजीची कार्यशाळा, मग जहाज, आणि शेवटी चंडीगढमधील कचेऱ्या, जेथे तशाच खुर्चीवर बसून कारकून फायली चाळत आहे. २०१६ मध्ये चंडीगढच्या राजधानी संकुलाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि २२ मार्च २०१७ रोजी, जानरे यांच्या जन्मदिनी, सेक्टर ५ मधील त्यांचे घर संग्रहालय म्हणून खुले झाले.

याच शहरात दुसरे एक उदाहरण घडत होते, हे विशेष. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद शहराच्या उभारणीसाठी पाडलेल्या गावांतील फुटक्या कपबशा, बांगड्या, फरशा आणि दगड वर्षानुवर्षे गुपचूप जमवत होते. त्यातून जी मूर्तींची नगरी उभी राहिली, ती १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुली झाली. शहराने टाकून दिलेल्यातून एकाने वैभव उभे केले आणि आपल्याच वैभवाला त्या शहराने टाकाऊ ठरवले. मराठी वाचकाला येथे पुण्याच्या दिनकर केळकरांचे स्मरण होईल. अडकित्ते, दिवे, डाव-पळ्या, कुलपे अशा घरोघरच्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावे त्यांचे संग्रहालय उभारले. भांडे जुने झाले म्हणून मोडीत घालणाऱ्या घरांतूनच त्यांनी ते मिळवले होते. वस्तू टाकाऊ होते ती तिच्यातील उपयोग संपल्याने क्वचितच. तिच्यामागची माणसे विस्मरणात गेली की ती टाकाऊ होते.

जानरे यांच्या खुर्चीची आजची किंमत ऐकून आश्चर्य वाटते, परंतु ती किंमत हे तिचे मोल नव्हे. निर्वासितांच्या एका गरीब प्रांताला आपली राजधानी उभारायची होती. त्या प्रांतातील साधा कारकूनही नीट ओणवता येईल अशा मेजाशी आणि पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीवर बसावा, यासाठी एका परदेशी माणसाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी जीव ओतला. न्यायाधीशाच्या आसनाला जे लाकूड, तेच विद्यार्थ्याच्या बाकाला. ही समतेची कल्पना स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात लाकडातून आणि वेतातून साकारली, हे तिचे खरे मोल. पंजाब विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या खुर्चीवर बसून अभ्यास केलेल्या पिढ्यांनी ते भोगले आहे, लिलावातील खरेदीदाराला ते मिळणार नाही.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या अडगळीच्या खोलीत अशी काही बाके, एखादी घंटा, एखादे नकाशांचे कपाट पडलेले असते. त्यांना परदेशी बाजारात कवडीही मिळणार नाही. पण त्यांवर कोण बसले, ती कोणत्या सुताराने कोणत्या देणगीतून घडवली, हे सांगणारी माणसे अजून हयात असतात. निर्लेखनाची तांबडी रेघ ओढण्यापूर्वी नोंदवहीत एक ओळ अधिक लिहिली तर ते मूळ टिकते. चंडीगढला ही ओळ लिहिण्यास पन्नासांहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर अर्धी खोली रिकामी झाली होती.